‘माझं खातं कुणी फोडलं?’ : एका प्रश्नाचा इतिहास

‘माझ्या ई-मेल खात्यात कुणी शिरलं?’ हा प्रश्न ऐकायला एकच वाटतो. उत्तर शोधायला बसलं की त्याचे पाच प्रश्न होतात. खरंच कुणी शिरलं होतं का? कसं शिरलं? कोणत्या यंत्रावरून शिरलं? त्या वेळी त्या यंत्रासमोर कोण बसलं होतं? आणि त्याने हे कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून केलं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुष्कळदा खातेदाराला स्वतःलाच शोधता येतात. तिसऱ्याचं उत्तर कुठल्यातरी कंपनीच्या नोंदींत असतं. चौथ्यासाठी अगदी वेगळ्या जातीचा पुरावा लागतो, आणि पाचव्यासाठी आणखी वेगळा. गोंधळ होतो तो इथेच. आपल्याकडे पुरावा असतो पहिल्या-दुसऱ्या प्रश्नाचा, आणि आपण उत्तर देऊन टाकतो चौथ्याचं.

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी हा विषय मी मुद्दाम निवडलाय. ‘हे निनावी पत्र अमक्याने लिहिलं’, ‘ही बातमी तमक्याने फोडली’ अशी वाक्यं आपण शोधनिबंधात सहज लिहून जातो. तीसुद्धा याच प्रकारची उडी असते. म्हणून आज चार प्रकरणं बघू. एक १८४४ चं लंडनमधलं, दोन अमेरिकेतली आणि एक आपल्या पुण्याशी जोडलेलं. प्रत्येकात खुणेपासून माणसापर्यंतची साखळी कशी जोडली गेली, आणि कुठे कच्ची राहिली, एवढंच पाहायचंय.

१८४४ : खसखस, केस आणि टपालाचा शिक्का

ज्युसेप्पे मॅझिनी हे नाव मराठी वाचकाला नवं नाही. सावरकरांनी त्याच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला आणि तो १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ते आपल्याकडे रुळलेलं आहे. हा इटालियन क्रांतिकारक १८४४ मध्ये लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहत होता. आपली पत्रं वाटेत कुणीतरी उघडतंय असा त्याला संशय आला.

आता बघा, संशय आल्यावर त्याने काय केलं. सरकारवर आरोप करत सुटला नाही. आधी प्रयोग केले. पत्र पाठवणाऱ्यांना त्याने पाकिटात खसखशीचे दाणे, केस, वाळूचे कण असं काहीतरी घालायला सांगितलं. पत्र हातात आलं तेव्हा मोहोर वरून जशीच्या तशी दिसत होती, पण आतला ऐवज गायब होता. शिवाय त्याने टपालाचे शिक्के तपासले. इतरांची पत्रं ज्या वेळेला पोचत, त्यापेक्षा त्याची उशिरा येत. आणि हा उशीर लपावा म्हणून वेळेच्या शिक्क्यावर दुसरा शिक्का मारलेला दिसत होता. हे सगळं त्याने मित्रांना साक्षीला ठेवून केलं.

यातून काय सिद्ध झालं? पत्रं उघडली जातात, हे झालं. कुठे उघडली जातात, याचाही अंदाज आला, कारण टपालाचा शिक्का टपाल खात्याशिवाय दुसरं कोण बदलणार? म्हणजे आपल्या पाच प्रश्नांपैकी पहिले दोन सुटले आणि तिसऱ्याच्या दारापर्यंत तो पोचला. पण हुकूम कुणाचा, हे खसखशीचे दाणे सांगू शकत नव्हते.

तिथून पुढचं काम संसदेत झालं. १४ जून १८४४ रोजी खासदार थॉमस डंकम यांनी कॉमन्स सभागृहात एक अर्ज सादर केला. त्यावर मॅझिनीबरोबर चार्टिस्ट चळवळीतले विल्यम लव्हेट, कोरक्काम करणारे डब्ल्यू. जे. लिंटन वगैरेंच्या सह्या होत्या. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांनी तपशील द्यायला नकार दिला. कायद्याने मंत्र्याला असं वॉरंट काढण्याचा अधिकार आहे, एवढंच ते सांगत राहिले. गदारोळ वाढला. थॉमस कार्लाइलने ‘द टाइम्स’ला पत्र लिहून मॅझिनीची बाजू घेतली. शेवटी दोन्ही सभागृहांना गुप्त चौकशी समित्या नेमाव्या लागल्या.

समित्यांचे अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आले आणि ‘कोण’चं उत्तर तेव्हा मिळालं. मॅझिनीच्या पत्रांसाठीचं वॉरंट १ मार्च १८४४ ला निघालं होतं आणि ३ जूनला रद्द झालं होतं. म्हणजे संसदेत अर्ज येईपर्यंत ते संपलेलंही होतं! त्यामागे परराष्ट्रमंत्री लॉर्ड अ‍ॅबर्डीन यांची इच्छा होती, आणि पत्रांतली माहिती परकीय सरकारपर्यंत गेली होती.

म्हणजे उत्तर पत्रावर नव्हतंच, कार्यालयाच्या दप्तरात होतं. पत्र उघडणाऱ्या कारकुनाला कुणीतरी लेखी हुकूम दिला होता. तो कागद जपून ठेवलेला होता, म्हणून सापडला. हुकूम तोंडी दिला असता, तर मॅझिनीचे सगळे प्रयोग अचूक ठरूनही ‘कोण’ हा प्रश्न कदाचित आजही उघडाच असता.

याच प्रकरणात एक सापळाही आहे. आत्तिलियो आणि एमिलियो बांदिएरा हे दोघे भाऊ ऑस्ट्रियाच्या नौदलातून पळून इटलीच्या मुक्तीसाठी उठावाच्या तयारीत होते. मॅझिनीशी त्यांचा पत्रव्यवहार होता. २५ जुलै १८४४ रोजी त्यांना सात साथीदारांसह दक्षिण इटलीत कोझेन्झाजवळ गोळ्या घालून मारण्यात आलं. इंग्लंडमध्ये अनेकांनी सरळ हिशेब मांडला : ग्रॅहमने पत्रं फोडली, म्हणून हे तरुण मेले. पत्रं फोडली गेली, हे खरं. भावांचा मृत्यू, हेही खरं. पण या दोन सत्यांमधल्या ‘म्हणून’ला वेगळा पुरावा लागतो. त्यांच्याच तुकडीतला एक जण फुटला आणि त्याने नेपल्सच्या अधिकाऱ्यांना खबर दिली, हेही नोंदलेलं आहे. एखादी कृती सिद्ध झाली की तिचे सगळे संभाव्य परिणाम आपोआप सिद्ध होत नाहीत. माणसं मेलेली असतात तेव्हा हे म्हणणं थंडपणाचं वाटतं, पण नेमक्या अशा वेळीच ते म्हणावं लागतं.

२००८ : पॉपकॉर्न

आता ई-मेलकडे येऊ. २९ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मकेन यांनी अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांना उपाध्यक्षपदासाठी निवडलं. त्या सरकारी कामासाठी खाजगी ई-मेल वापरतात, अशी चर्चा तेव्हा सुरू होती. १६ सप्टेंबरला त्यांचं याहूवरचं खाजगी खातं कुणीतरी उघडलं आणि आतल्या पानांची चित्रं इंटरनेटवर टाकली.

‘कसं’ हा प्रश्न इथे लगेच सुटला, कारण फोडणाऱ्यानेच तो सोडवून दिला. एका निनावी संदेशफलकावर त्याने सविस्तर लिहिलं. पासवर्ड विसरल्याचं सांगून नवा पासवर्ड मागायचा, ही साधी युक्ती होती. याहूने जन्मतारीख विचारली, पिनकोड विचारला, आणि नवऱ्याशी पहिली भेट कुठे झाली, हे विचारलं. पेलिन सार्वजनिक व्यक्ती असल्याने तिन्ही उत्तरं इंटरनेटवर सापडण्यासारखी होती. शेवटचं उत्तर होतं वासिलाची शाळा. मग त्याने नवा पासवर्ड ठेवला : ‘पॉपकॉर्न’. यात कुलूप तोडलं असं काही झालं नाही. किल्ली बनवणाऱ्याला ‘मीच घरमालक’ असं सांगून नवी किल्ली करून घेतली, एवढंच.

आता ‘कुठून’. आपला माग लागू नये म्हणून तो एका प्रॉक्सी सेवेतून गेला होता. प्रॉक्सी म्हणजे मधला दलाल. याहूला दलालाचा पत्ता दिसतो, आपला दिसत नाही. पण त्याने टाकलेल्या चित्रांत ब्राउझरची पत्त्याची पट्टी तशीच राहिली होती आणि तिच्यात त्या प्रॉक्सी सेवेचं नाव दिसत होतं. तपास अधिकारी सेवा चालवणाऱ्याकडे गेले. त्याच्याकडे लॉग होते, म्हणजे कोणत्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता, कोण कुठे गेलं याच्या नोंदी. तिथून आयपी पत्ता, आयपी पत्त्यावरून इंटरनेट पुरवणारी कंपनी, आणि कंपनीकडून टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल शहरातलं एक घर.

इथे क्षणभर थांबा. एवढ्यावर माणूस मिळाला का? नाही, घर मिळालं. विद्यार्थी राहतात त्या घरात एकाच जोडणीवर तीन-चार जण असू शकतात. माणसापर्यंतचा पूल दुसऱ्या पुराव्यांनी बांधला. फुशारकी मारताना त्याने जे टोपणनाव वापरलं, ते त्याने आधी दुसरीकडेही वापरलेलं होतं. त्यावरून टेनेसी विद्यापीठातल्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याचं नाव थोड्याच दिवसांत चर्चेत आलं. एका डेमोक्रॅटिक लोकप्रतिनिधीचा तो मुलगा होता. त्याच्या घराची झडती झाली आणि लॅपटॉप जप्त झाला. त्याने ब्राउझर काढून टाकला होता, डिस्कवरच्या खुणा पुसायचा प्रयत्न केला होता, तरी बरंच काही शिल्लक होतं. लॉग, टोपणनाव आणि लॅपटॉप असे एकमेकांपासून स्वतंत्र तीन पुरावे एकाच माणसावर येऊन मिळाले, तेव्हा साखळी पक्की झाली.

आणि निकाल? तो वाचताना शब्दांकडे नीट लक्ष द्या. एप्रिल २०१० मध्ये ज्यूरीने त्याला दोन गोष्टींसाठी दोषी ठरवलं : परवानगीशिवाय संगणकात प्रवेश, हा किरकोळ गुन्हा म्हणून, आणि पुरावा नष्ट करून तपासात अडथळा आणणं, हा गंभीर गुन्हा म्हणून. फसवणुकीच्या आरोपातून तो सुटला. दुसऱ्याची ओळख चोरल्याच्या आरोपावर ज्यूरीचं एकमत झालं नाही. नोव्हेंबरमध्ये एक वर्ष आणि एक दिवस अशी शिक्षा झाली, आणि २०१२ मध्ये अपिलातही ती कायम राहिली.

‘त्याने खातं फोडलं, शिक्षा झाली’ असं एका ओळीत लिहिलं तर खोटं ठरणार नाही, पण फार हुकतं. चार आरोपांचे तीन वेगवेगळे शेवट झाले. सगळ्यात जड ठरलं ते खात्यात शिरणं नव्हे, नंतरची साफसफाई. त्याने लॅपटॉपला हात लावला नसता तर हा गंभीर आरोप उभाच राहिला नसता. न्यायालयीन कागद वाचताना आरोपागणिक निकाल वाचायची सवय लावून घ्या. वर्तमानपत्राच्या मथळ्यात हा तपशील बसत नाही, तुमच्या तळटिपेत मात्र बसलाच पाहिजे.

२००७ : येरवड्याचे पन्नास दिवस

नॉक्सव्हिलची साखळी जुळली, म्हणून आयपी पत्ता म्हणजे माणूस असं वाटायला लागतं. ते तसं नाही, हे बघायला एक वर्ष मागे आणि घराजवळ यावं लागेल. हे प्रकरण ई-मेलचं नाही, ऑर्कुटचं आहे. पण माग काढायची पद्धत तीच.

ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह चित्र टाकलं गेलं आणि पुणे पोलिसांनी तपास सुरू केला. ऑर्कुट ज्या कंपनीचं, तिच्याकडून आयपी पत्ता मिळाला. तो पत्ता त्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला विचारलं गेलं. कंपनीने एक नाव दिलं. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस बेंगळुरूतल्या एका तरुण सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक करून पुण्यात आणलं. येरवड्याच्या तुरुंगात तो पन्नास दिवस होता. नंतर कळलं की कंपनीने दिलेलं नावच चुकीचं होतं. तो आयपी पत्ता त्याचा नव्हताच.

साखळीतली प्रत्येक संस्था आपापलं काम करत होती. कुणी कट केला नव्हता. एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर जाताना, म्हणजे आकड्यावरून नावावर येताना, एक टाका चुकला आणि एका माणसाचे पन्नास दिवस गेले. पुढे काय घडणार, कधी सुटणार, हे त्याला त्या पन्नास दिवसांत माहीत नव्हतं. साधनांची चिकित्सा हा आपल्याला परीक्षेचा विषय वाटतो. इथे तिच्या अभावी एक माणूस गजाआड होता.

हा टाका इतका नाजूक का, हे समजून घेण्यासारखं आहे. घरगुती ग्राहकाला मिळणारा आयपी पत्ता बहुधा कायमचा नसतो. आज सकाळी तो तुमच्याकडे, तर रात्री दुसऱ्या कुणाकडे. म्हणून पत्त्याबरोबर अचूक वेळ लागते, आणि ती वेळ कोणत्या घड्याळाची हेही लागतं. परदेशी कंपन्यांच्या नोंदी पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत असतात. भारताची वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. हे साडेपाच तास मिळवायचे राहिले, किंवा दुपार-रात्रीची गफलत झाली, की दुसऱ्याच ग्राहकाचं नाव बाहेर येतं, आणि ते तितक्याच अधिकृत लेटरहेडवर येतं! आता तर मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी असंख्य ग्राहकांना वाटून देतात. तिथे पत्ता आणि वेळ दोन्ही बरोबर असले तरी पुरत नाही. जोडणीचा पोर्ट क्रमांकही लागतो.

आपल्या सरकारी यंत्रणेलाही घड्याळाचं महत्त्व नंतर लिहून ठेवावंसं वाटलं. सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितलंय, आणि संगणकांची घड्याळं राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळवून ठेवायलाही. वरवर रुक्ष वाटणारं हे कलम आहे. येरवड्याची गोष्ट माहीत असेल तर ते रुक्ष वाटत नाही.

२०१६ : यंत्रापासून गणवेशापर्यंत

चौथं प्रकरण सगळ्यात गाजलेलं. १९ मार्च २०१६ रोजी हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांच्या जीमेलवर गुगलच्या नावाने एक इशारा आला : कुणीतरी तुमचा पासवर्ड वापरलाय, लगेच बदला. त्यातला दुवा बनावट होता. कार्यालयातल्या तंत्र-सहायकाने हा ई-मेल ‘वैध’ आहे असं उत्तर लिहिलं. आपल्याला ‘अवैध’ लिहायचं होतं, असं त्याने नंतर सांगितलं. ७ ऑक्टोबरपासून विकिलीक्सने त्या खात्यातली पत्रं टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करायला सुरुवात केली.

‘कसं’चा माग इथे सुंदर लागला. फसव्या दुव्याची लांबी लपवण्यासाठी तो बिटली या सेवेतून छोटा केला होता. दुवे छोटे करणाऱ्यांनी आपलं बिटलीवरचं खातं खाजगी ठेवलेलं नव्हतं. सेक्युअरवर्क्स या कंपनीच्या संशोधकांना त्यातून एकामागून एक दुवे मिळत गेले. ऑक्टोबर २०१५ ते मे २०१६ या काळातले सुमारे नऊ हजार दुवे, आणि त्यांचं लक्ष्य असलेली जवळपास चार हजार जीमेल खाती. कोणता दुवा कोणासाठी, हे दुव्यातच सांकेतिक रूपात दडलेलं होतं. मग एका पोडेस्टांचा प्रश्न उरला नाही, लक्ष्यांची अख्खी यादीच समोर आली. लष्करी अधिकारी, पत्रकार, रशिया आणि युक्रेनच्या विषयांवर काम करणारे लोक. ही यादी कुणाच्या उपयोगाची, असा प्रश्न विचारता येऊ लागला. एकट्या पत्रावरून न सुटणारं कोडं पत्रांच्या गठ्ठ्यावरून सुटतं, हा अनुभव अभिलेखागारात बसणाऱ्या प्रत्येकाला येतो.

तरीही मर्यादा बघा. बिटली दुव्यावर किती वेळा क्लिक झालं ते सांगतं. क्लिक कुणी केलं ते सांगत नाही, आणि क्लिकनंतर पासवर्ड टाईप झाला का, हेही सांगत नाही. मोजणी यंत्राची असते, माणसाची नसते.

माणसांची नावं आली १३ जुलै २०१८ ला. विशेष वकील रॉबर्ट मुलर यांच्या आरोपपत्रात रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याच्या बारा अधिकाऱ्यांची नावं होती. युनिट २६१६५ आणि ७४४५५ असे विभाग होते, हुद्दे होते, मॉस्कोतल्या इमारतीचा पत्ता होता. मी रुमानियातला एकटा हॅकर आहे, असं म्हणणाऱ्या एका ऑनलाइन पात्राविषयीचा तपशील तर फार बोलका आहे. १५ जून २०१६ ला मॉस्कोच्या वेळेनुसार दुपारी ४.१९ ते ४.५६ या दरम्यान मॉस्कोतल्या एका सर्व्हरवरून काही ठराविक इंग्रजी शब्दप्रयोग शोधले गेले, आणि त्याच दिवशी संध्याकाळी ७.०२ ला त्या पात्राच्या पहिल्या लेखात तेच शब्दप्रयोग आले, असं आरोपपत्र म्हणतं. वेळ पुन्हा साक्षीला आली, आणि या वेळी ती कोणत्या घड्याळाची, हे स्पष्ट लिहिलेलं होतं.

आता यावर आपण काय लिहायचं? ‘या बारा जणांनी खातं फोडलं’ असं? आरोपपत्र म्हणजे निकाल नव्हे. रशियाने आरोप फेटाळले, आरोपी अमेरिकेच्या न्यायालयासमोर आले नाहीत, त्यामुळे उलटतपासणी झाली नाही. एवढी बारीक माहिती तपास यंत्रणेला कशी मिळाली, हेही त्या कागदात नाही. म्हणून ‘आरोपपत्रानुसार’ हा शब्द गाळता येत नाही. उलट ‘म्हणजे काहीच माहीत नाही’ असं म्हणणंही चूकच. खाजगी कंपनीने आधी स्वतंत्रपणे काढलेला दुव्यांचा माग आणि दोन वर्षांनी आलेलं आरोपपत्र एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि त्याला वजन आहे.

१८४४ शी ताडून बघा. तिथे ज्यांनी पत्रं उघडली त्यांच्याच सरकारचं दप्तर संसदेने उघडायला लावलं, म्हणजे कबुली मिळाली. इथे एका राज्याने दुसऱ्या राज्यावर केलेला आरोप आहे, आणि त्या दुसऱ्या राज्याचं दप्तर बंद आहे. दोन्हीकडे ‘कोण’चं उत्तर मिळालं असं आपण म्हणतो, पण दोन उत्तरांचा दर्जा एक नाही.

मग आपण काय करायचं?

तुमचा विषय कुठलाही असो, कर्त्याचा शोध असेल तिथे एक तक्ता करा. घटना, पद्धत, साधन, ठिकाण, माणूस, हेतू असे सहा रकाने. प्रत्येकाखाली फक्त त्याच रकान्याचा पुरावा लिहायचा. मॅझिनीची खसखस ‘घटना’ या रकान्यात जाईल, ‘माणूस’मध्ये नाही. नॉक्सव्हिलचा आयपी पत्ता ‘ठिकाण’मध्ये. जिथे रकाना रिकामा राहतो तिथे तुमचं ‘बहुधा’ सुरू होतं, आणि ते वाचकाला दिसलं पाहिजे.

मग प्रत्येक पुराव्याला विचारा : तू कुणी, कशासाठी तयार केलास? टपाल खात्याचं वॉरंट कारकुनाच्या संरक्षणासाठी लिहिलं गेलं. प्रॉक्सीचे लॉग सेवा नीट चालावी म्हणून ठेवले गेले. बिटलीचे आकडे जाहिरातदारांच्या सोयीचे. यातलं काहीही ‘पुरावा’ म्हणून जन्माला आलेलं नाही. म्हणूनच ते बरंचसं विश्वासार्ह असतं, आणि म्हणूनच त्यात तुम्हाला हवी ती गोष्ट नेमकी नसते. आरोपपत्र मात्र पटवण्यासाठीच लिहिलेलं असतं. ते वेगळ्या नजरेने वाचायचं.

वेळ लिहिताना घड्याळ लिहा. जुन्या कागदांत हा प्रश्न शक संवत, फसली सन आणि इसवी सनाचा असतो. नव्या कागदांत तो प्रमाणवेळेचा असतो. चूक एकाच जातीची, आणि तिचा परिणामही.

शिवाय एका दुव्यावर दोन स्वतंत्र पुरावे मिळतात का ते बघा. येरवड्याच्या प्रकरणात आकड्यापासून नावापर्यंतचा दुवा एका कंपनीच्या एका उत्तरावर उभा होता. नॉक्सव्हिलमध्ये तीन वाटा एकत्र आल्या. फरक नशिबाचा नाही, पडताळणीचा आहे.

आणि हे सगळं वाचून कुणी स्वतःच्या खात्याचा माग काढायला बसणार असेल, तर दोन व्यावहारिक गोष्टी. जीमेलच्या संगणकावरच्या पानाच्या तळाशी खात्यातल्या अलीकडच्या हालचालींचा तपशील दिसतो. पासवर्ड बदलाच, पण त्याआधी किंवा लगेच नंतर तो तपशील, संशयास्पद ई-मेल आणि त्यांचे संपूर्ण हेडर वेळेसकट जपून ठेवा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. आयपी पत्त्यामागचा ग्राहक शोधायचा अधिकार तपास यंत्रणेला आहे, तुम्हाला नाही. संशयिताच्या खात्यात शिरून खात्री करून घ्यायचा मोह तर मुळीच नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि ‘मी फक्त बघत होतो’ हे उत्तर नॉक्सव्हिलच्या मुलालाही कामी आलं नाही.

पुढच्या वेळी तुमच्या टिपणवहीत ‘हे अमक्याने केलं’ असं वाक्य आलं की पेन्सिलीने त्याच्या शेजारी लिहा : घटना, पद्धत, साधन, ठिकाण, माणूस की हेतू? माझा पुरावा यातल्या कितव्या रकान्यापर्यंत पोचतो? वाक्य तिथपर्यंतच न्या. पुढचं पुरावा मिळाल्यावर.